केबलचा डिस्क ब्रेक पुन्हा पुन्हा ढिला का पडतो: समस्या निवारण

माउंटन बाइकच्या केबलवर चालणाऱ्या डिस्क ब्रेकची एक तक्रार ठरलेली असते. लिव्हर दाबला की तो हँडलच्या मुठीपर्यंत येऊ लागतो, म्हणून केबल थोडी ओढून घेतली जाते. ब्रेक दोन-चार दिवस नीट लागतो आणि पुन्हा तीच गत होते. मग लिव्हरजवळचा बॅरल ॲडजस्टर, म्हणजे केबलचा ताण बदलणारी आट्यांची नळी, फिरवला जातो आणि त्याचे आटे संपले की कॅलिपरवरचा, म्हणजे चाकाजवळच्या पॅड धरणाऱ्या भागावरचा, बोल्ट सोडून केबल आणखी ओढली जाते. अशा काही फेऱ्या झाल्या की एक विचित्र अवस्था येते. चाक मोकळे फिरत असताना पॅड रोटरला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या धातूच्या चकतीला, घासत राहतो, आणि तरीही उतारावर ब्रेक दाबल्यावर सायकल हवी तशी थांबत नाही. घासतो म्हणजे ब्रेक घट्ट असला पाहिजे, थांबत नाही म्हणजे ढिला असला पाहिजे. ही दोन्ही लक्षणे एकत्र कशी दिसतात, हे कॅलिपरच्या आतली रचना पाहिल्याशिवाय उलगडत नाही.

या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच चूक असते. पॅड झिजल्यामुळे रोटर आणि पॅड यांच्यात जी फट वाढते, ती पॅडपाशीच भरून काढायची असते. ती केबल ओढून भरून काढली की ब्रेक काही काळ बरा वाटतो, पण प्रत्येक ओढीबरोबर कॅलिपरची ताकद कमी होत जाते.

कॅलिपरच्या आत काय घडते

बहुतेक केबल डिस्क ब्रेकमध्ये रोटरच्या दोन बाजूंना दोन पॅड असतात, पण त्यांतला एकच हलतो. बाहेरच्या बाजूचा, म्हणजे आपल्याकडे तोंड केलेला पॅड आर्मला, म्हणजे कॅलिपरवरच्या छोट्या फिरत्या दांड्याला, जोडलेला असतो. केबल आर्मला ओढते, आर्म फिरतो, त्याच्या पोटातल्या छोट्या गोळ्या तिरप्या खाचांवर चढतात आणि पॅड रोटरकडे ढकलला जातो. आतल्या, म्हणजे चाकाच्या स्पोककडच्या बाजूचा पॅड जागच्या जागी असतो. सरकता पॅड पातळ रोटरला किंचित वाकवून या स्थिर पॅडवर टेकवतो आणि दोघांच्या चिमटीत रोटर सापडला की ब्रेक लागतो. दोन्ही पॅड हलवणारे केबल कॅलिपरही मिळतात, टीआरपी स्पाइक हे त्यातले एक, पण सायकलसोबत येणाऱ्या साध्या कॅलिपरमध्ये एकाच बाजूने हलणारी रचनाच जास्त आढळते.

या रचनेतून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की केबल कितीही ओढली तरी स्थिर पॅड जागचा हलत नाही. त्याच्यापुढची फट वाढलेली असेल तर रोटरला तेवढे जास्त वाकावे लागते, लिव्हरचा बराचसा प्रवास रोटर वाकवण्यातच खर्च होतो आणि बोटांना ब्रेक मऊ, स्पंजासारखा लागतो. दुसरी गोष्ट आर्मची आहे. आर्मचा एकूण प्रवास ठरलेला असतो, आणि लिव्हर सोडलेला असताना तो पूर्ण मागे, आपल्या विश्रांतीच्या जागी असला पाहिजे, तरच तो सगळा प्रवास ब्रेक लावण्याच्या कामी येतो. केबल ओढून फट भरली की आर्म विश्रांतीच्या वेळीच अर्ध्या वाटेवर उभा राहतो. तिथून पुढे केबल आणि आर्म यांच्यातला कोन बिघडतो आणि शेवटी आर्म केबलच्या टेकणीला, म्हणजे कॅलिपरवर केबलचे आवरण जिथे टेकते त्या जागेला, जाऊन अडतो. हा अडण्याचा क्षण धोक्याचा आहे, कारण तेव्हा लिव्हर हाताला अगदी कडक लागतो, ब्रेक छान घट्ट झाल्याचा भास होतो, आणि प्रत्यक्षात पॅडवर आणखी जोर पोहोचतच नाही.

माझ्या सायकलच्या मागच्या ब्रेकच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. कित्येक महिने मी दर आठवड्याला केबल ओढत होतो, आणि एका लांब उतारावर दोन्ही बोटांचा सगळा जोर लावूनही चाक फिरतच राहिले तेव्हा सायकल उलटी करून कॅलिपरकडे नीट पाहिले. लिव्हर पूर्ण सोडलेला असताना आर्म आणि केबलची टेकणी यांच्यात जेमतेम करंगळी जाईल एवढीच जागा उरली होती. पॅड बाहेर काढले तर सरकत्या पॅडवर निम्मे अस्तर, म्हणजे रोटरला घासणारा थर, शिल्लक होते आणि स्थिर पॅड एका कडेला घासून तिरपा झाला होता. रोटरच्या बाहेरच्या कडेकडे तो इतका पातळ झाला होता की मागची लोखंडी पट्टी चमकू लागली होती. रोटर प्रत्येक वेळी खूप वाकून त्या पॅडवर तिरका टेकत असल्यामुळे ही झीज अशी एकांगी झाली होती. स्थिर पॅड तिरपा झिजलेला दिसला तर त्याच्यापुढची फट दीर्घकाळ जास्त राहिली आहे, किंवा कॅलिपर रोटरला समांतर बसलेला नाही, असे समजावे.

केबलला हात लावण्याआधी

ब्रेक जुळवायला घेण्याआधी काही गोष्टी तपासल्या नाहीत तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. चाक फ्रेमच्या खाचेत पूर्ण आणि सरळ बसलेले असले पाहिजे. क्विक रिलीज, म्हणजे चाक झटकन सोडवणारी कळ, असेल तर सायकल जमिनीवर उभी ठेवून, तिचा भार चाकावर येऊ देऊन ते ढिले करावे आणि पुन्हा आवळावे. उलट्या किंवा टांगलेल्या सायकलमध्ये चाक एका बाजूला किंचित वर राहू शकते, आणि रोटरच्या बाबतीत अर्धा मिलिमीटरही पुष्कळ असतो. चाक काढून परत बसवल्यावर दर वेळी ब्रेक घासू लागतो, ही तक्रार ब्रेकची नसून बहुतेक वेळा याच बैठकीची असते.

त्यानंतर चाकाचा वरचा भाग धरून आडवा हलवून पाहावा. थोडासाही खडखड जाणवला तर हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, बेअरिंगमध्ये ढिलेपणा आहे. तो काढल्याशिवाय रोटर एका जागी राहणार नाही आणि कॅलिपर कितीही नीट बसवला तरी ब्रेक आज एका बाजूला, उद्या दुसऱ्या बाजूला घासेल. रोटर हबला सहा बोल्टने जोडलेला असेल तर ते टी-२५ टॉर्क्सचे, म्हणजे ताऱ्यासारख्या खाचेचे, बोल्टही घट्ट आहेत का, हे पाहावे. एक जरी सुटलेला असला तरी ब्रेक लावताना टक असा आवाज येतो.

चाक काढलेले असतानाच पॅड आणि रोटर यांची जाडी पाहून घ्यावी. ब्रेक बनवणारी शिमानो कंपनी आपल्या पॅडसाठी अस्तराची किमान जाडी ०.५ मिलिमीटर सांगते, पण केबलच्या ब्रेकमध्ये त्या टोकापर्यंत जाऊ नये असे माझे मत आहे. अस्तर एक मिलिमीटरच्या आसपास आले की नवे पॅड आणून ठेवावेत, कारण शेवटचा अर्धा मिलिमीटर चिखलाच्या एकाच फेरीत संपू शकतो. शिमानोचा रोटर नवीन असताना १.८ मिलिमीटर जाड असतो आणि १.५ मिलिमीटरवर आला की बदलायचा असतो. ही मर्यादा रोटरवरच कोरलेली असते. जाडी मोजताना मोजपट्टीचे जबडे रोटरच्या कडेच्या न झिजलेल्या भागावर टेकले तर आकडा फसवा येतो, म्हणून पॅड जिथे घासतो त्या पट्ट्यातच मोजावे. स्वच्छ नखाने कडेकडून आत ओढून पाहिले तर झिजलेल्या रोटरवर एक पायरी लागते, तेवढ्यावरूनही अंदाज येतो.

रोटर आणि पॅडच्या अस्तराला बोटे लावू नयेत. हाताचा तेलकटपणा थोडा वाटला तरी रोटरवर तो जाणवतो, आणि साखळीवर मारलेल्या तेलाचा फवारा मागच्या रोटरवर उडाला तर ब्रेकची पकड त्याच दिवशी जाते. नुकत्याच उतरलेल्या उतारानंतर रोटरला हात लावला तर चटका बसतो आणि चाक फिरत असताना रोटरच्या खिडक्यांत बोट गेले तर गंभीर इजा होते, एवढे ध्यानात ठेवूनच पुढचे काम करावे.

ब्रेक शून्यापासून जुळवणे

चुकीच्या जुळणीवर आणखी थोडी जुळणी करत बसण्यापेक्षा सगळे सोडून पहिल्यापासून सुरुवात करणे कमी वेळात होते. लिव्हरजवळचा आणि कॅलिपरजवळचा बॅरल ॲडजस्टर पूर्ण आत फिरवावा आणि मग दोन फेरे बाहेर घ्यावा, म्हणजे पुढे दोन्हीकडे वाव राहतो. कॅलिपरवर केबल धरणारा बोल्ट सोडावा. केबल मोकळी झाली की आर्म स्प्रिंगच्या जोराने मागे जातो. तो जिथे थांबतो ती त्याची खरी जागा. त्या जागी आर्म आणि कॅलिपर या दोहोंवर मिळून रंगाची किंवा पक्क्या शाईची एक बारीक रेघ मारून ठेवावी. पुढे कधीही ही रेघ तुटलेली दिसली तर केबल गरजेपेक्षा जास्त ओढली गेली आहे, हे एका नजरेत कळते.

आर्म बोटाने पुढे ढकलून सोडून पाहावा. तो चटकन आणि पूर्ण मागे आला तर कॅलिपर निरोगी आहे. रेंगाळत आला, किंवा अर्ध्यात थांबला, तर आत चिखल किंवा गंज आहे आणि तो काढल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

आता कॅलिपर फ्रेमला किंवा पुढच्या फोर्कला धरणारे दोन बोल्ट एवढेच सोडावेत की कॅलिपर आडवा सरकेल, पण लोंबकळणार नाही. स्थिर पॅडचा स्क्रू स्पोककडच्या बाजूला असतो. कॅलिपरच्या बनावटीप्रमाणे तो ॲलन कीने, टॉर्क्सने किंवा हाताने फिरवायच्या चकतीने फिरतो. हा स्क्रू फिरवून स्थिर पॅड थोडा आत आणावा, म्हणजे रोटर कॅलिपरच्या खाचेच्या भिंतीला न लागता दोन पॅडच्या मधे येईल. मग आर्म हाताने पुढे दाबून रोटर दोन्ही पॅडमध्ये पकडावा. कॅलिपर आपोआप रोटरला समांतर होतो. आर्म तसाच दाबून धरून कॅलिपरचे बोल्ट आवळावेत.

हे आवळणे घाईने केले की सगळे बिघडते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. बोल्ट फिरताना त्याचे डोके कॅलिपरला आपल्याबरोबर ओढते, आणि एक बोल्ट एकदम घट्ट केला तर कॅलिपरची एक बाजू सरकून तिरपी होते. दोन्ही बोल्ट आधी हाताने टेकवावेत, मग एकाला पाव फेरा, दुसऱ्याला पाव फेरा, असे आळीपाळीने घ्यावे आणि प्रत्येक वेळी फटीकडे पाहत राहावे. शेवटचा जोर शिमानोच्या कॅलिपरसाठी ६ ते ८ न्यूटन-मीटर सांगितलेला असतो. इतर बनावटींचा आकडा सोबतच्या कागदावर पाहावा. बोल्टच्या डोक्याखाली आणि कॅलिपरच्या पायाखाली वाळू किंवा जुन्या रंगाचे पापुद्रे असतील तर ते पुसून घ्यावेत, नाहीतर कॅलिपर दर वेळी त्याच चुकीच्या खळग्यात जाऊन बसतो.

आर्म सोडल्यावर सरकता पॅड मागे जातो, पण स्थिर पॅड अजून रोटरला टेकलेला असतो. त्याचा स्क्रू अगदी थोडा, घड्याळाच्या काट्याच्या पाच-दहा मिनिटांएवढा मागे घ्यावा, म्हणजे चाक मोकळे होते. स्थिर पॅड आणि रोटर यांच्यात साधे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, म्हणजे साधारण ०.२ ते ०.४ मिलिमीटर फट असावी. सरकत्या पॅडच्या बाजूची फट याच्या दुप्पट असली तरी चालते, कारण ती भरून काढायला आर्म आहे. स्थिर बाजूची फट मात्र रोटर वाकवूनच भरली जाते, आणि म्हणून ती जितकी कमी ठेवता येईल तितका लिव्हर कडक आणि नेमका लागतो.

ही फट डोळ्यांनी तपासण्याची एक सोपी रीत आहे. चाकाच्या पलीकडे, रोटरच्या रेषेत जमिनीवर पांढरा कागद ठेवावा, त्यावर टॉर्चचा प्रकाश पाडावा आणि एक डोळा मिटून कॅलिपरच्या खाचेतून वरून खाली पाहावे. रोटरची काळी कड मधे दिसते आणि तिच्या दोन बाजूंना प्रकाशाच्या दोन बारीक पांढऱ्या रेघा दिसतात. या रेघा वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीच्या असल्या तर कॅलिपर समांतर आहे. एखादी रेघ पाचरीसारखी निमुळती होत गेली तर कॅलिपर तिरपा बसला आहे, आणि बोल्ट सोडून पुन्हा बसवण्यावाचून त्याला इलाज नाही. चाक हळूहळू फिरवत या रेघांकडे पाहिले तर रोटर कुठे वाकलेला आहे, तेही इथेच दिसते.

केबल शेवटी जोडायची. ती हाताने सरळ ओढून फक्त ढिलेपणा काढावा, आर्म रेघेवरून हलू देऊ नये, आणि बोल्ट आवळावा. मग लिव्हर दहा-पंधरा वेळा पूर्ण जोराने दाबावा. नवी केबल ताणली जाते असे म्हटले जाते, पण तारेची लांबी तेवढी वाढत नाही. तिच्यावरच्या आवरणाची, म्हणजे आउटरची, टोके आपापल्या टोप्यांत घट्ट बसतात आणि त्यामुळे केबल सैल पडते. हा सैलपणा बॅरल ॲडजस्टरने काढावा. बॅरल ॲडजस्टरचे काम एवढेच आहे, आणि या कामासाठी त्याचे एक-दोन फेरे पुरतात.

झीज कशी भरायची

आता मूळ तक्रारीकडे येऊ. काही आठवड्यांनी लिव्हर पुन्हा आत येऊ लागला, तर आर्मवरची रेघ पाहावी. ती जुळत असेल तर केबलला हात लावण्याचे कारण नाही, झीज पॅडची आहे. ॲव्हिड बीबी-७ सारख्या कॅलिपरला दोन्ही बाजूंना फिरवायच्या चकत्या असतात. आतली चकती स्थिर पॅडला आणि बाहेरची सरकत्या पॅडला पुढे आणते, आणि दोन्ही बाजूंची झीज केबल न छेडता भरता येते.

अडचण साध्या कॅलिपरची आहे, कारण तिथे स्क्रू फक्त स्थिर पॅडला असतो आणि सरकत्या पॅडची झीज भरण्यासाठी केबलशिवाय दुसरे काही हाताशी दिसत नाही. केबल ओढण्याची सवय इथेच लागते. पण मार्ग आहे. सरकत्या पॅडच्या विश्रांतीची जागा कॅलिपरमध्ये ठरलेली असते, तेव्हा त्या पॅडला रोटरजवळ आणण्यासाठी अख्खा कॅलिपरच केसभर चाकाकडे सरकवायचा. त्याने सरकता पॅड जवळ येतो आणि स्थिर पॅड तेवढाच लांब जातो. मग स्थिर पॅडचा स्क्रू आत घेऊन ती फटही भरायची. म्हणजे दोन्ही पॅडची झीज अखेर एकाच स्क्रूने भरली जाते, आणि आर्म आपल्या रेघेवरच राहतो. वर सांगितलेली जुळणी पुन्हा केली की हे आपोआप घडते. दर वेळी स्थिर पॅडचा स्क्रू थोडा अधिक आत घ्यायचा, एवढाच फरक. नुसती स्थिर पॅडची फट भरायची असेल तर कॅलिपर सोडण्याचीही गरज नाही, स्क्रूचा छोटासा फेरा पुरतो आणि लिव्हर लगेच बाहेर आल्याचे जाणवते. कित्येक ढिल्या ब्रेकांना एवढाच उपाय हवा असतो आणि नेमका तोच केला जात नाही.

जुळणीनंतरही घासण्याचा आवाज येत असेल

आवाज कसा येतो यावरून कारण बरेचसे ओळखता येते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदाच शिस्स असा आवाज आला तर रोटर एका जागी वाकलेला आहे. प्रकाशाच्या रेघेकडे पाहत ती जागा शोधावी, शाईने खूण करावी, आणि स्वच्छ पुसलेल्या पान्याने किंवा रोटर सरळ करण्याच्या खाचेच्या हत्याराने तिथे हलकेच उलटा जोर द्यावा. जोर देऊन सोडावे, चाक फिरवून पाहावे, पुन्हा द्यावा. एकाच झटक्यात सरळ करू पाहिले तर वाक दुसऱ्या बाजूला जातो आणि मग तो काढणे दुप्पट अवघड होते. रोटर पूर्ण सरळ होण्याची अपेक्षा ठेवू नये. आपल्या फटीत तो न घासता फिरला की पुरे.

आवाज सतत आणि एकसारखा असेल तर कॅलिपरच तिरपा किंवा एका बाजूला बसला आहे. उभे राहून पॅडल मारताना किंवा वळणावर झुकल्यावरच आवाज येत असेल आणि एरवी नसेल, तर हब, ॲक्सल आणि क्विक रिलीज यांकडे आधी वळावे. पाण्यातून किंवा चिखलातून गेल्यावर येणारी करकर थोड्या अंतराने आपोआप थांबते, तिच्यासाठी कॅलिपर उघडू नये.

काही फ्रेमवर कॅलिपर बसण्याची जागाच रंगाच्या थरामुळे किंवा घडणीमुळे समतल नसते. कितीही वेळा बसवला तरी कॅलिपर त्याच दिशेला तिरपा होतो, ही त्याची खूण. अशी जागा समतल करण्याचे खास हत्यार असते आणि ते काम ते हत्यार असलेल्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे. कानशीने घासण्याचा मोह टाळावा, कारण तिथला धातू परत लावता येत नाही.

आर्म रेघेवर आहे, फट नीट आहे, तरी पकड नाही

अशा वेळी दोष केबलमध्ये, लिव्हरमध्ये किंवा अस्तरात असतो. केबल कॅलिपरपासून सोडून हाताने मागे-पुढे ओढून पाहावी. ती घासत, अडखळत सरकत असेल तर बोटांचा अर्धा जोर वाटेतच जातो. मागच्या ब्रेकची आउटर जिथे खाली झोल घेते तिथे पाणी साठते आणि गंज पहिल्यांदा तिथेच धरतो. अशी केबल तेल घालून चार दिवस चालते, पण तार आणि आउटर दोन्ही बदलणे हाच टिकाऊ उपाय आहे. आउटर कापताना तिचे टोक काटकोनात आणि सपाट कापले गेले पाहिजे. तिरपे टोक टोपीत दबत राहते आणि दर वेळी केबल सैल पडल्यासारखी वाटते.

आउटर विकत घेताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. ब्रेकची आउटर साधारण ५ मिलिमीटर जाड आणि आतून तारेच्या वेटोळ्याची असते, गिअरची आउटर ४ मिलिमीटरची आणि आतून लांब सरळ तारांची असते. गिअरची आउटर ब्रेकला लावली तर सुरुवातीला ब्रेक कडक आणि छान वाटतो, पण जोराच्या ब्रेकखाली त्या सरळ तारा आवरण फाडून बाहेर येऊ शकतात आणि त्या क्षणी ब्रेक पूर्ण जातो. ब्रेकसाठीच बनवलेली, न दबणारी आउटर वेगळी मिळते. मागच्या ब्रेकचा मऊपणा तिने जितका कमी होतो तितका दुसऱ्या कोणत्याही बदलाने होत नाही, असा माझा अनुभव आहे.

लिव्हर आणि कॅलिपर यांची जोडीही जुळली पाहिजे. माउंटन बाइकचा, म्हणजे रिम दाबणाऱ्या व्ही-ब्रेकला चालणारा लिव्हर जास्त केबल ओढतो, रोड सायकलचा लिव्हर कमी ओढतो, आणि कॅलिपर त्या त्या हिशेबाने बनवलेले असतात. माउंटनच्या कॅलिपरला कमी ओढणारा लिव्हर लावला तर तो मुठीला टेकेपर्यंतही पॅड पुरेसा दाबला जात नाही. ही चूक कोणत्याही जुळणीने भरून येत नाही. लिव्हरवरचा छोटा स्क्रू हा मुठीपासूनचे अंतर बोटांच्या लांबीप्रमाणे ठरवण्यासाठी असतो. त्याने ब्रेक घट्ट होत नाही.

अस्तराला तेल लागले असेल तर ब्रेक कर्कश ओरडतो आणि धरत नाही. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने, स्वच्छ आणि धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसावा. पॅड मात्र तेल शोषून घेतो. वरचा थर बारीक पॉलिश पेपरवर घासून काढला तर कधी कधी तो सुधारतो, पण तेल खोल गेले असेल तर नवे पॅड घालणेच बरे. अस्तर काचेसारखे चमकत असेल आणि तेलाची शंका नसेल, तर मात्र हे घासणे उपयोगी पडते. पॅड बदलताना रोटरवर काय लिहिले आहे तेही पाहावे. काही रोटर फक्त रेझिनच्या पॅडसाठी असतात आणि त्यांच्यावर धातूमिश्रित पॅड लावले तर रोटर लवकर खाल्ला जातो.

नव्या पॅडला किंवा नव्या रोटरला सुरुवातीला पकड नसते. मोकळ्या, सपाट जागी ताशी वीसेक किलोमीटरचा वेग घेऊन ब्रेक एकसारखा दाबत चालण्याच्या वेगापर्यंत यावे, पूर्ण न थांबता सोडावा आणि पुन्हा वेग घ्यावा. असे वीसेक वेळा करावे, पुढच्या आणि मागच्या ब्रेकसाठी वेगवेगळे. दहाव्या-बाराव्या वेळेनंतर पकड वाढत गेल्याचे हाताला कळते. ही पायरी गाळून थेट उतारावर गेलेल्यांना नव्या ब्रेकबद्दल जी निराशा वाटते, ती बहुतेक वेळा याच कारणाने असते.

नवे पॅड बसवताना स्थिर पॅडचा स्क्रू आधी पूर्ण मागे घ्यावा. जुन्या पॅडच्या झिजेसाठी तो बराच आत आलेला असतो, आणि तो तसाच ठेवून नवे जाड पॅड घातले तर रोटर फटीत जातच नाही. जोर लावून घातला तर पॅडची कड तुटते किंवा रोटर वाकतो. केबलही त्याच वेळी सोडून आर्म रेघेवर आणावा आणि सगळी जुळणी पुन्हा पहिल्यापासून करावी. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर आउटर बसल्यामुळे लिव्हर थोडा आत येईल. तेव्हा बॅरल ॲडजस्टर फिरवावा, आणि त्यानंतर लिव्हर पुन्हा आत आला की आधी रेघ पाहावी आणि मग स्थिर पॅडच्या स्क्रूला पाना लावावा.